तळी गेली, नावं राहिली, बेडकांचं काय झालं?

(पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.)

मिरग लागला की लालबागच्या काकीचा फोन येतो. पाऊस किती झाला, तरवा पेरला का, आंब्याच्या पेट्या कुणाकुणाला गेल्या, सगळं विचारून झालं की शेवटी ठरलेलं वाक्य: "मेल्या, फोन जरा भायर धर. बेडूक ओरडतत ते माका आयकूक दी." मग मी पडवीत येऊन फोन मळ्याच्या दिशेने धरून दोन मिनिटं उभा राहतो. सावंतवाडीत आमच्या घरामागे अजून थोडी भातशेती आहे म्हणून हे जमतं.

यंदा मी सहज विचारलं, "काकी, लालबागात कधी नव्हते गो बेडूक?"

"नसतले कशे? गिरणीच्या तळ्यात होते मा. पावस पडलो की रातभर. तुझो काका रातपाळीक जाय तेव्हा तेंचोच आवाज. संपानंतर कधी बंद झाले ता काय कळाक नाय."

हे शेवटचं वाक्य डोक्यात राहिलं. काकी १९७० च्या सुमारास लग्न होऊन चाळीत गेली. तिला संप पाठ आहे, १८ जानेवारी १९८२ ही तारीखसुद्धा ती न चुकता सांगते. गिरणीचा भोंगा शेवटचा कधी वाजला तेही आठवतं. बेडूक मात्र कधी गप्प झाले ते कळलं नाही. म्हटलं जरा शोधूया. महिनाभर जुनी पुस्तकं, अहवाल चाळले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. गोष्ट मुंबईची आहे, पण लिहिण्याचं कारण आमच्या घाटावर आहे. तिथे शेवटी येतो.

आधी मुंबईची नावं बघा. धोबीतलाव, गवालिया टँक, सी. पी. टँक, दो टाकी, खारा तलाव. पायधुणी म्हणजे जिथे पाण्यात पाय धुऊन पुढे जायचं ती जागा. उमरखाडीत खाडी आहे, खेतवाडीत शेत आहे, आणि चिखलवाडीबद्दल तर बोलायलाच नको (सुनील गावस्कर लहानपणी खेळला ती हीच चिखलवाडी). आज यातल्या कुठल्याही ठिकाणी उभं राहा, पाणी दिसलंच तर ते टँकरचं नाहीतर तुंबलेल्या गटाराचं. धोबीतलावला लोक मेट्रो सिनेमासमोर उतरतात. गवालिया टँकचं मैदान झालं, त्या मैदानावर ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची सभा भरली आणि आता ते ऑगस्ट क्रांती मैदान आहे. गवळी जिथे गुरांना पाणी पाजायला आणत ते तळं त्याच्याखाली गेलं.

गोविंद नारायण माडगांवकरांचं 'मुंबईचे वर्णन' हे पुस्तक १८६३ चं. मुंबईवरचं मराठीतलं हे पहिलं पुस्तक मानतात. त्यांच्या काळात तळी आणि विहिरी हा मुंबईच्या रोजच्या जगण्याचा भाग होता. तळी बहुतेक दानशूर मंडळींनी खोदलेली. धोबीतलाव हा फ्रामजी कावसजींचा, सी. पी. टँक म्हणजे कावसजी पटेल टँक. पाणी देणं हे पुण्यकर्म होतं. माणसासाठी खोदलेल्या त्या पाण्यात पावसाळ्यात बेडूक येऊन राहत, त्यांना कुणी आमंत्रण दिलं नव्हतं आणि कुणी हाकलतही नव्हतं.

आणि नुसती तळीच नव्हती. सात बेटांच्या मधली जमीन मुळात दलदलीची. वरळीच्या बाजूची मोठी खिंड हॉर्नबी वेलार्ड बांधून अठराव्या शतकाच्या अखेरीला बंद केली, समुद्राचं पाणी आत येणं थांबलं, आणि मधल्या सखल पट्ट्यात हळूहळू भातशेती झाली. दादर, माटुंगा, परळ, नायगाव हा सगळा भाताचा मुलूख होता हे आज तिथल्या फ्लॅटचे भाव ऐकून खरं वाटत नाही. भाताचं खाचर म्हणजे बेडकाचं घर. आपल्या कोकणातल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. पहिल्या मोठ्या पावसात खाचरात पाणी साचलं की बुलफ्रॉगचे नर हळदीसारखे पिवळेधम्मक होतात आणि गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून डरकाळ्या फोडतात. चार-सहा दिवसांचा खेळ असतो. दीडशे वर्षांपूर्वी दादरला हा खेळ दरवर्षी होत असणार.

मग तो बंद कसा पडला? मला वाटलं होतं एखादा बिल्डर सापडेल. सापडले ते डॉक्टर.

१८६४ मध्ये डॉ. लीथ यांनी मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर एक अहवाल लिहिला. सरकारी वैद्यकीय सेवेतला माणूस. शहरातली घाण, सांडपाणी, पिण्याचं पाणी आणि त्यातून होणारे मृत्यू हा त्यांचा विषय. गंमत अशी की हेच लीथ फावल्या वेळात शंख, साप, कासवं, बेडूक गोळा करत. माथेरानला मिळालेल्या एका छोट्या उड्या मारणाऱ्या बेडकाला १८८८ मध्ये त्यांचंच नाव मिळालं. आजही तो शास्त्रात 'लीथी' म्हणूनच ओळखला जातो आणि सह्याद्री सोडून जगात कुठेही नाही. शहराचं पाणी स्वच्छ करा म्हणणारा आणि डोंगरातला बेडूक जपून बाटलीत ठेवणारा माणूस एकच. मला यात विरोधाभास दिसत नाही. त्या काळी शहराचं आरोग्य हा एक विषय होता आणि बेडूक हा डोंगरातला, दुसरा विषय होता. शहरातल्या बेडकाचा विषयच नव्हता.

१८६० मध्ये विहार तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. मग तुळशी, मग तानसा. नळ आल्यावर तळ्यांची गरज संपत गेली आणि उरली ती घाण. १८९६ ला प्लेग आला. पुढची दहा-पंधरा वर्षं मुंबईने जे भोगलं ते आपल्या पणजोबांच्या पिढीने गावात बसून ऐकलं, कारण मुंबईतली निम्मी माणसं गावाला पळून आली होती. १८९८ मध्ये सुधारणा मंडळ नेमलं, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि उत्तरेला मोकळ्या हवेत नवी वस्ती वसवायची. ही मोकळी हवा म्हणजे दादर-माटुंग्याची भातखाचरं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स या आज ज्यांना आपण जुनी सुंदर मुंबई म्हणतो त्या वस्त्या खाचरांत भराव घालून उभ्या राहिल्या. तिथली झाडं तोडायची म्हटलं तर आज रहिवासी रस्त्यावर येतात, आणि यावंच. पण त्या झाडांच्या आधी तिथे काय होतं याची आठवण कुणाला नाही.

प्लेगनंतर मलेरिया. इथे परळ येतं. परळला जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा होती, तीच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट. तिथल्या ग्लेन लिस्टन यांनी मुंबईतला मलेरिया कुठला डास पसरवतो हे शोधलं. अ‍ॅनॉफिलिस स्टीफेन्सी. मग डॉ. बेंटली यांना नेमलं, त्यांनी शहर पिंजून काढलं आणि १९११ मध्ये अहवाल दिला: हा डास गटारात नाही, तुमच्या अंगणातल्या स्वच्छ विहिरीत वाढतो. विहिरी बुजवा, नाहीतर घट्ट झाका. लोक चिडले. हिंदूंना पूजेला विहिरीचं पाणी लागे, पारशांच्या विहिरी पवित्र. अर्ज, सभा, वाद सगळं झालं. चर्चगेटजवळची पारशांची भिखा बेहराम विहीर आजही आहे ती श्रद्धेमुळे. गिरगावातल्या वाड्यांच्या विहिरींपैकी ज्या वाचल्या त्यातल्या बऱ्याच देवाच्या नावाने वाचल्या. बाकी हळूहळू बुजल्या, आणि उरलेल्यांत पुढे पालिकेने डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडले.

इथे एक स्पष्ट लिहितो, नाहीतर खाली वाद सुरू होईल. विहिरी बुजवणारे चुकले असं मी म्हणत नाही. मलेरियाने पोरं मरत होती. मी त्या वेळी पत्रकार असतो तर बेंटलींच्या बाजूनेच अग्रलेख लिहिला असता. आणि "बेडूक असते तर डास झालेच नसते" असे फॉरवर्ड दर पावसाळ्यात फिरतात, तेही इतकं सोपं नाही. तळी बेडकांनी भरलेली होती तेव्हाही मलेरिया होताच. पण हिशेबाची दुसरी बाजूही बघा. स्टीफेन्सी मुंबईतून गेला का? तो गच्चीवरच्या टाकीत गेला, बांधकामाच्या साइटवर साठवलेल्या पाण्यात गेला. आजही पालिकेची माणसं पावसाळ्यात टाक्या तपासत फिरतात ती त्याच्याचसाठी. टाकीची भिंत डासाला अडवत नाही. बेडकाला अडवते. त्याला उतरता काठ लागतो, ओली माती लागते, उन्हाळ्यात जमिनीत दडायला जागा लागते.

आता काकीच्या तळ्याकडे येऊ.

गिरणगावात गिरण्या उभ्या राहिल्या तशी तिथे नवी तळी झाली. हे मला आधी लक्षातच आलं नव्हतं. वाफेवर चालणाऱ्या गिरणीला पाणी लागतं, वाफ पुन्हा थंड करून तिचं पाणी करायला जागा लागते. म्हणून आवारात तळं. धर्मासाठी खोदलेली तळी शहर बुजवत होतं त्याच काळात नफ्यासाठी खोदलेली तळी दोन मैल उत्तरेला भरत होती. या तळ्यांना कठडे होते, पहारा होता, मुलांना आत यायला बंदी होती. बेडकाला आणखी काय पाहिजे? वीज आली, इंजिनं गेली, तरी अनेक ठिकाणी तळं राहिलं. काका सांगायचा, रात्रीच्या पाळीत खात्यातल्या मागांच्या आवाजाने कान बधिर होत, आणि बाहेर विडी ओढायला आलं की पहिला आवाज ऐकू येई तो तळ्याकडचा. गाव सोडून आलेल्या माणसाला तो आवाज काय वाटत असेल ते तुम्हीच समजा.

संप झाला. गिरण्या बंद पडत गेल्या. काही वर्षं ती आवारं तशीच पडून होती, झुडपं वाढली, तळी शेवाळली. माझा अंदाज असा की बेडकांची ती शेवटची चांगली वर्षं असावीत. मग जमिनीचा खेळ सुरू झाला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरलं होतं की गिरणीच्या जमिनीचे साधारण तीन वाटे करायचे, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. २००१ मध्ये नियम असा बदलला की वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची. सहाशेच एकर जमिनीतून शहराच्या वाट्याला तुकडे आले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मार्च २००६ मध्ये निकाल सरकार आणि मालकांच्या बाजूने लागला. कामगारांच्या घरांसाठी माणसं अजून चकरा मारतायत, तिथे बेडकाचं नाव काढायची मलाही लाज वाटते. तरी नोंद म्हणून सांगतो: त्या सगळ्या भांडणात जमीन एकरात मोजली, चटईक्षेत्रात मोजली, रुपयात मोजली. पाण्याला रकाना नव्हता. तळं हे 'रिकामी जमीन' की 'बांधकाम', एवढाच प्रश्न.

काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिल क्रमांक दोन-तीनच्या आवारात तळं अजून आहे. तिथे पालिकेचं वस्त्रोद्योग संग्रहालय होतंय, तळ्यात कारंज्यांचा खेळ आहे. चांगलं आहे, कामगारांची आठवण राहील. पण कारंजं बेडकासाठी नसतं.

याच्या शेजारची दुसरी गोष्ट हिंदमाताची. परळ-दादरच्या मधला हा खोलगट भाग दर पावसाळ्यात टीव्हीवर दिसतो. कमरेएवढ्या पाण्यात ढकललेल्या टॅक्स्या, रिपोर्टरची छत्री. जुन्या सखल जमिनीवर जाणारं पाणी जुन्याच वाटेने जातं, त्याला रस्त्याचं नाव बदललेलं कळत नाही. पालिकेने अलीकडे यावर उपाय केला. दादरच्या प्रमोद महाजन कला पार्कखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली मोठ्या टाक्या बांधल्या. पाऊस पडला की हिंदमाताचं पाणी तिथे साठवायचं, भरती ओसरली की सोडायचं. म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षांत शहराने आधी तळी बुजवली आणि मग कोट्यवधी रुपये खर्चून पुन्हा तळी बांधली, या वेळी जमिनीखाली, काँक्रीटची, अंधारात. पूर कमी झाला तर आनंदच आहे. पण हीच टाकी उघडी, उतरत्या काठाची ठेवता आली असती का, हा प्रश्न कुठल्या बैठकीत कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, बेडकाला कायद्याचं संरक्षण आहे ना? आहे. आणि ते मिळालं त्याचं श्रेय बरंचसं दक्षिण मुंबईलाच जातं.

फोर्टमध्ये लायन गेटसमोर हॉर्नबिल हाउस आहे, बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं. संस्था १८८३ ची. हुमायून अब्दुलअली हे तिथले एक मोठं नाव. सालिम अलींचे नातलग, स्वतःचा व्यवसाय सांभाळून पक्ष्यांचा अभ्यास करणारे. १९५१ चा मुंबई राज्याचा वन्यप्राणी-पक्षी संरक्षण कायदा घडवण्यात त्यांचा मोठा हात. १९५५ मध्ये सह्याद्रीतल्या एका नव्या बेडकाला त्यांचं नाव दिलं गेलं, 'हुमायूनी', इंग्रजीत बॉम्बे नाइट फ्रॉग. (या बेडकाची वेगळीच तऱ्हा २०१६ मध्ये जगापुढे आली. बाकीच्या बेडकांत नर मादीला घट्ट धरून ठेवतो, हा धरतच नाही, आणि मादीसुद्धा आवाज देते. असो.)

त्या काळात भारत बेडकाच्या तंगड्या परदेशात पाठवत असे. फ्रान्स, अमेरिका वगैरे. १९८१ साली चार हजार टनांहून जास्त तंगड्या गेल्या. नुसत्या तंगड्या, बाकीचा बेडूक तिथेच टाकून द्यायचा, आणि कापताना तो बहुतेक वेळा जिवंत असे. आपल्याकडे कोकण-गोव्यातही पहिल्या पावसात बत्ती घेऊन बेडूक पकडायला जाणारे आहेत, हॉटेलात त्याला 'जंपिंग चिकन' म्हणतात, हे काही लपून नाही. पण निर्यातीचं प्रमाण वेगळंच होतं. अब्दुलअलींनी या निर्यातीविरुद्ध लिहिलं, संस्थेने पाठ सोडली नाही, प्राण्यांवर दया करा म्हणणाऱ्या संघटना उतरल्या. १९८५ मध्ये बुलफ्रॉग आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या 'साइटीस' कराराच्या यादीत गेला, आणि १९८७ मध्ये भारताने निर्यात बंद केली. मग गिऱ्हाइकं बांगलादेशकडे, इंडोनेशियाकडे वळली तो भाग वेगळा. आपल्या देशापुरता विजय खराच होता. आज बुलफ्रॉग धोक्यात आलेल्या जातींत मोजला जात नाही त्यात या बंदीचा वाटा आहे असं मी मानतो.

पण हा विजय कुठल्या प्रकारचा होता ते बघा. बेडूक कुणी पकडू नये, मारू नये, विकू नये. गुन्हा करणारा हातात सुरी घेतलेला माणूस. वन्यजीव कायद्याच्या यादीत कित्येक वर्षं बेडकांसाठी 'राना' या एका वंशाचं नाव होतं. त्या यादीतला बेडूक पिशवीत सापडला तर केस. तोच बेडूक ज्या खाचरात अंडी घालतो ते खाचर डंपरभर मातीने एका दुपारी बुजवलं, तर काही नाही. जमीन बिनशेती झाली, शिक्का आहे, विषय संपला.

अगदी अलीकडचं उदाहरण घ्या. गिरगाव, दादरच्या पोटातून आता मेट्रो तीन धावते. गिरगावकरांनी त्यासाठी घरं सोडली, वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. त्या गाड्यांचा डेपो आरेत आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये एका रात्रीत तिथे झाडं कापायला सुरुवात झाली, दोन हजारांहून जास्त पडली, सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत काम झालेलं होतं. त्या भांडणात दोन्ही बाजूंनी झाडं मोजली, कारण झाडं मोजायचा कायदा आहे. बिबट्याचंही नाव निघालं. पावसाळी डबकी मोजायचा कायदा नाही.

आता आमच्या घाटावर.

आंबोली आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर. हॉर्नबिल हाउसमधलेच वरद गिरी आणि त्यांच्यासोबतच्या अभ्यासकांनी २००९ मध्ये तिथला एक भेक, म्हणजे खरखरीत अंगाचा टोड, नवी जात म्हणून जगापुढे आणला. झँथोफ्रायनी टायग्रिना. अंगठ्याएवढा जीव, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. आंबोली आणि जवळचा थोडा परिसर, बस्स. पृथ्वीवर दुसरीकडे कुठेही नाही. जागतिक यादीत तो 'अतिसंकटग्रस्त' आहे, म्हणजे नामशेष होण्याच्या आधीची शेवटची पायरी.

हा भेक तळ्यात राहत नाही. पहिल्या पावसात जांभ्या दगडाच्या सड्यावर वाटीएवढी, ताटाएवढी डबकी साचतात, त्यात तो अंडी घालतो. सगळं काही दिवसांत उरकावं लागतं. मध्येच चार दिवस ऊन पडलं तर डबकं आटतं, पिल्लं मरतात. खायला कमी पडलं तर पिल्लं एकमेकांना खातात, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. इतक्या तंग हिशेबात जगणारा प्राणी आहे. आणि नेमक्या त्याच दिवसांत, जूनच्या पहिल्या शनिवार-रविवारी, धबधबा बघायला गाड्यांची रांग लागते. रात्री रस्ता ओलांडणारे भेक चाकाखाली जातात. दिवसा सडा बघून लोक म्हणतात, "वा, व्ह्यू काय आहे! इथे झाडबिड काही नाही, सगळी पडीक जमीन आहे, बांधायला सोपी." जांभ्याच्या सड्यावर झाड नाही म्हणजे जीव नाही, ही समजूत आपल्याच लोकांची आहे, मुंबईच्या गुंतवणूकदाराची एकट्याची नाही. सातबारावरसुद्धा 'पोटखराबा'.

२००६ च्या नियमाप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटरवरच्या बांधकामाला. दोन मजली होमस्टे, बारा खोल्यांचं रिसॉर्ट, पार्किंगसाठी सपाट केलेला सड्याचा तुकडा, यातलं काहीही त्या आकड्याच्या जवळपास जात नाही. ताटाएवढ्या डबक्यात वाढणाऱ्या जिवासाठी हा नियम म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं घेऊन मुंग्या पकडण्यासारखं आहे. इंग्लंडमध्ये ग्रेट क्रेस्टेड न्यूट नावाचा पालीसारखा दिसणारा एक उभयचर आहे. तो असू शकेल असं तळं जवळ असेल तर बांधकामाआधी तपासणी करावी लागते, परवाना घ्यावा लागतो. तिथले बिल्डर त्याच्या नावाने बोटं मोडतात, पण तपासतात. जगातल्या उभयचरांपैकी साधारण ४१ टक्के जाती आज धोक्यात आहेत, हे काही आमच्या तालुक्याचं एकट्याचं दुखणं नाही.

आपल्याकडेही वाट आहे, आणि ती आंबोलीतच निघालीय. हिरण्यकेशीच्या उगमाशी, देवळाच्या कुंडात, २०२० मध्ये एक नवा मासा नोंदवला गेला, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी राज्य सरकारने तिथली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. माशाच्या नावाने कायदा आला खरा, पण राखली जाणार ती जागा, ते पाणी. मासा देवाच्या कुंडात होता, त्यामुळे गावालाही पटायला सोपं गेलं. गिरगावच्या विहिरींसारखंच. भेकाच्या नशिबात देऊळ नाही, उघडा सडा आहे. पण कायदा तोच लागू होतो. ग्रामपंचायतीची जैवविविधता समिती आहे, नोंदवही आहे. एका पावसाळ्यात डबकी कुठे साचतात एवढं नकाशावर मांडलं आणि बांधकामाची परवानगी देताना तो नकाशा टेबलावर ठेवला, तर निदान कुणाला 'माहीत नव्हतं' म्हणता येणार नाही. मुंबईत हे कधी झालं नाही, आणि म्हणून काकीला साल सांगता येत नाही.

तर आता तुमच्याकडे मागणं.

लालबाग, परळ, काळाचौकी, नायगाव, दादर, गिरगावात वाढलेले बरेच जण ही भिंत वाचतात. तुमच्या वाडीत, चाळीच्या मागे, गिरणीच्या तळ्यात, शाळेच्या मैदानात बेडकांचा आवाज ऐकलेला आठवत असेल तर जागा आणि साल खाली लिहा. साल अंदाजे चालेल. संपाच्या आधी, थोरलीच्या लग्नाच्या वर्षी, अमुक टॉवर उठला त्याच्या आधी, असं काहीही. आई-वडिलांना, आजीला विचारा, ती माणसं आता फार दिवस नाहीत. जुने फोटो असतील, मागे तळं दिसत असेल, तर टाका. मी सगळं एका वहीत मांडतोय.

आंबोली, चौकुळच्या मंडळींनी मात्र भेकाच्या डबक्यांची जागा इथे उघड लिहू नका, फोटो काढायला गर्दी होईल. मला मेसेज करा.

पहिली नोंद माझी. लालबाग, गिरणीचं तळं, पावसाळ्यात रात्रभर, संपापर्यंत नक्की. सांगणारी: काकी, मूळ गाव सावंतवाडी तालुका. ही पोस्ट टाकायच्या आधी तिला वाचून दाखवली. म्हणाली, "बरा लिवलंस. आता फोन भायर धर."